टीझरचा विचार पटकथेपासून

रोमँटिक कॉमेडीचा शेवट प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असतो. तरीही तो येतो, कारण त्या दोघांच्या सहवासात दोन तास घालवावेत असं त्याला वाटतं. टीझरने जागवायची ती हीच इच्छा. प्रत्यक्षात अनेक टीझर चित्रपटातले पाच-सहा हमखास हशे उचलतात, मध्ये गाण्याचा तुकडा घालतात आणि प्रदर्शनाची तारीख दाखवून मोकळे होतात. जोडीची ओळख होतच नाही आणि थिएटरात तेच विनोद शिळे लागतात.

म्हणून पहिला प्रश्न असा, की या जोडीतली ठिणगी नेमकी कुठे पडते? सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) ती दोघांच्या बोलण्यात आहे. मुंबईची मुलगी पुण्यात पत्ता विचारते, अनोळखी मुलगा भेटतो आणि दिवसभर वाद रंगतो. दोघांना नावंसुद्धा नाहीत. अशा चित्रपटाला एकच सलग जुगलबंदी पुरते. मुलगी स्थळ पाहायला आली आहे हेही टीझरने सांगायची गरज नाही. रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’मध्ये (२०१४) मात्र ठिणगी दोन घरांमधल्या अंतरातून पडते. दगडूची चाळ आणि प्राजक्ताचं शिस्तीचं घर शेजारी-शेजारी दिसल्याशिवाय त्यांच्या पहिल्या नजरेला वजन येत नाही. प्रकार एकच, पण दोन्ही टीझरची रचना वेगळी होणार.

याचं उत्तर पटकथेतच असतं, मग टीझरचं नियोजन संकलनाच्या टेबलापर्यंत का लांबवायचं? ब्रेकडाउन करतानाच टीझरचे दोन-तीन प्रसंग नक्की करा. त्यांच्या चित्रीकरणाच्या दिवशी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचे शॉट पूर्ण लांबीचे घ्या. या प्रकारात हसू अनेकदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फुटतं आणि घाईच्या कटमध्ये पहिला बळी त्याच क्षणाचा जातो. ध्वनिमुद्रकाकडून त्या जागेचा ॲम्बियन्स आणि वाइल्ड लाइन्स मागून घ्या, कारण टीझर बाहेर पडतो तेव्हा अंतिम मिक्स बहुधा झालेलं नसतं. उभ्या फ्रेममध्ये टू-शॉटमधला एकजण कापला जातो. मोबाइलसाठीची चौकट कॅमेरामनबरोबर सेटवरच ठरवा. अनेकजण टीझर आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे सबटायटल लागतात. पण संवादाची शेवटची ओळ नटाच्या तोंडून येण्याआधी पडद्यावर उमटली, तर विनोद तिथेच संपला. ती ओळ तोडून, वेळ साधून टाका.

संगीताबाबत सावध राहा. दुसऱ्याच्या धूनवर कट बसवला आणि हक्क मिळाले नाहीत, तर लय पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. टीझरच्या संगीताचं काम संगीतकाराला आधीच द्या. थिएटरात टीझर दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्रासाठी लागणारा वेळही वेळापत्रकात धरा.

मराठी चित्रपटाच्या प्रसिद्धीचं बजेट तुटपुंजं असतं, हे आपण सगळे जाणतो. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा थोडा आणि पूर्वविचार जास्त लागतो. तेव्हा दिग्दर्शकांना आमचा आग्रह आहे, की पुढच्या चित्रपटाच्या पहिल्या वाचनाला संकलकाला बोलवा आणि उठण्यापूर्वी टीझरचा प्रसंग ठरवा. आपल्या जोडीवर आपला विश्वास असेल, तर तिचं एक मिनिट न तोडता दाखवायचं धाडस आपण करायलाच हवं.