अवयव प्रत्यारोपण: 'किडनी जुळतेय' हे सांगणारे शास्त्रज्ञ तयार कसे होतात?

नागपुरात ग्रीन कॉरिडॉर झाला की त्याचे व्हिडिओ थोड्याच वेळात व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. चौकातली वाहतूक थांबवलेली असते, पोलीस रस्ता मोकळा करत असतात आणि सायरन वाजवत रुग्णवाहिका निघून जाते. अवयवदान करणाऱ्या कुटुंबाचं कौतुक होतं, सर्जनच्या टीमचे फोटो छापून येतात.

पण किडनीच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या कितीतरी तास आधी दात्याच्या रक्ताच्या काही नळ्या एका प्रयोगशाळेत पोहोचलेल्या असतात. ही किडनी कोणाला चालेल आणि कोणाला अजिबात चालणार नाही, हे तिथे एक-दोन जण तपासत बसलेले असतात. अनेकदा वेळ मध्यरात्रीची असते. त्यांचं उत्तर चुकलं, तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते.

या शाखेला 'हिस्टोकम्पॅटिबिलिटी' म्हणतात. सोप्या शब्दांत, दोन माणसांच्या ऊती एकमेकांशी जुळतात का, याचा अभ्यास. हे काम करणारे शास्त्रज्ञ घडतात कसे आणि भारतात त्यांच्यासाठी ठरलेला मार्ग का नाही?

प्रत्यारोपणं वाढली, चर्चा मात्र दात्यांचीच

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१३ मध्ये देशात ५ हजारांपेक्षा कमी अवयव प्रत्यारोपणं झाली होती. २०२३ मध्ये हा आकडा १८,३७८ वर गेला. त्यातली १३ हजारांहून अधिक प्रत्यारोपणं किडनीची होती.

महाराष्ट्रात मृत्यूनंतरच्या अवयवदानाचं समन्वयन चार विभागीय केंद्रं करतात: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. 'झेडटीसीसी' या नावाने ती ओळखली जातात. नागपूरच्या केंद्राकडे विदर्भाची जबाबदारी आहे. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये २०१६ मध्ये किडनी प्रत्यारोपण सुरू झालं. शहरातल्या काही खासगी रुग्णालयांत आणि एम्समध्येही या शस्त्रक्रिया होतात.

दाते कमी का, नातेवाईक तयार का होत नाहीत, यावर सतत बोललं जातं आणि ते योग्यही आहे. पण दाता मिळाल्यावर अवयव नेमका कोणाच्या शरीरात टिकेल, हे ठरवणाऱ्या माणसांबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

रक्तगट जुळला म्हणजे झालं ना?

नाही. रक्तगट ही फक्त पहिली पायरी आहे.

रक्तगटातही गुंतागुंत असते, हे मुंबईने जगाला दाखवून दिलं. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधला. नेहमीच्या तपासणीत 'ओ' वाटणाऱ्या या लोकांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही.

अवयवांच्या बाबतीत प्रकरण याहून किचकट असतं. आपल्या बहुतेक पेशींवर 'एचएलए' नावाची प्रथिनं असतात. ती पेशींच्या ओळखपत्रासारखी काम करतात. प्रतिकारशक्ती ती पाहून 'आपलं' आणि 'परकं' ठरवते. या प्रथिनांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचे ४० हजारांहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. या शोधाची सुरुवात करून देणारे फ्रेंच डॉक्टर जाँ दोसे यांना १९८० मध्ये नोबेल मिळालं.

एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे आई-वडील आणि मुलं नेहमी निम्मे जुळतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. नवरा-बायकोत जुळणी झालीच, तर तो योगायोग असतो.

एक चाचणी, जिने चित्र बदललं

एचएलए पूर्ण जुळत नसलं तरी आजच्या औषधांमुळे किडनी टिकू शकते. खरा धोका वेगळा आहे. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासूनच तयार असतील, तर नवी किडनी काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होऊ शकते.

हे १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांच्या शोधनिबंधाने ठळकपणे दाखवलं. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र ठेवायचा, त्यात 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं घालायची आणि पेशी मरतात का ते पाहायचं. पेशी मेल्या, तर चाचणी 'पॉझिटिव्ह'. अशा ३० रुग्णांपैकी २४ जणांची नवी किडनी लगेच बंद पडली होती. चाचणी निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत ही वेळ फक्त ८ जणांवर आली.

हीच 'क्रॉसमॅच' चाचणी. तिची मूळ पद्धत आजही वापरली जाते. तिच्या जोडीला फ्लो सायटोमेट्री आणि रंगीत सूक्ष्म मण्यांवर अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचण्या आल्या आहेत.

विदर्भात हे जास्त महत्त्वाचं का?

या अँटीबॉडी शरीरात येतात कुठून? कारणं मुख्यतः तीन: गरोदरपण, रक्त चढवणं आणि आधीचं प्रत्यारोपण.

गरोदरपणात आईच्या शरीराची ओळख बाळातल्या वडिलांकडच्या एचएलएशी होते. काही स्त्रियांमध्ये त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. पुढे तिची किडनी निकामी झाली आणि नवऱ्याने किडनी द्यायचं ठरवलं, तर नेमकी तीच किडनी तिच्यासाठी धोक्याची ठरू शकते. आईला मुलाची किडनी देतानाही हाच प्रश्न येतो.

दुसरं कारण रक्त चढवणं. डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये रक्त कमी असणं नेहमीचं आहे. त्यात विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं. या आजाराच्या अनेक रुग्णांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि काहींच्या किडनीवरही परिणाम होतो. सिकलसेल बरा करू शकणारं बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं, तर त्यासाठीही एचएलए जुळणी लागते. म्हणजे चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या मुलासाठी भाऊ-बहीण दाता होऊ शकतात का, हेसुद्धा अशीच प्रयोगशाळा सांगते.

वेळेचं गणित

ब्रेन डेथ निश्चित करण्यासाठी कायद्यानुसार किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. नातेवाइकांची संमती मिळाली की घड्याळ धावू लागतं. शरीराबाहेर हृदय साधारण ४ ते ६ तास टिकतं, लिव्हर ८ ते १२ तास आणि किडनी एक दिवसाच्या आसपास.

तेवढ्या वेळात दात्याचं एचएलए काढायचं, यादीतल्या संभाव्य रुग्णांशी क्रॉसमॅच करायची आणि अहवाल द्यायचा असतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. रक्ताची नळी तेवढं अंतर कापून जाणार असेल, तर तासांचा हिशेब तिथेच कोलमडतो. म्हणून प्रत्यारोपण करणाऱ्या शहरात फक्त यंत्र असून भागत नाही. रात्री दोन वाजता फोन उचलणारा आणि अहवालाची जबाबदारी घेणारा माणूसही तिथेच लागतो.

प्रशिक्षणात शिकायचं काय असतं?

नवख्या माणसाचा पहिला धडा यंत्राचा नसतो, नळीवरच्या नावाचा असतो. नमुना कोणाचा, कधी घेतला, कोणी घेतला, हे दोनदा तपासायची सवय लागते. दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर पुढची सगळी चाचणी बिनचूक होऊनही उत्तर चुकीचं येतं.

याला कायद्याची बाजूही आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०१४ च्या नियमांमध्ये दाता आणि रुग्णाचं जनुकीय नातं प्रमाणित करण्यासाठी वेगळा फॉर्म आहे आणि तो प्रयोगशाळेच्या प्रमुखाने भरायचा असतो. २०१५ च्या अखेरीस अकोल्यात कर्जबाजारी माणसांना हेरणारं किडनी रॅकेट उघडकीस आलं होतं. अशा पार्श्वभूमीवर 'हे खरंच बाप-लेक आहेत का' या प्रश्नाच्या उत्तराची किंमत वेगळी सांगायला नको.

त्यानंतर हाताचं काम येतं: रक्तातून पांढऱ्या पेशी जिवंत वेगळ्या करणं, डीएनए काढणं, एचएलए टायपिंग, क्रॉसमॅच. हे काही महिन्यांत जमतं.

वर्षं लागतात ती निकालाचा अर्थ लावायला. रुग्णाला रितुक्सिमॅबसारखं औषध दिलं असेल, तर धोका नसतानाही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह दिसू शकते. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीही असाच गोंधळ घालतात. उलटही घडतं. अँटीबॉडी फार जास्त असतील, तर यंत्रावर आकडा कमी येऊ शकतो आणि धोका नाही असं वाटतं. रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासला की खरं चित्र दिसतं. कोणत्या आकड्यापुढे 'नको' म्हणायचं, याची सगळ्या प्रयोगशाळांना लागू होणारी एकच रेषा नाही. रुग्णाचा इतिहास, चाचणी आणि अनुभव एकत्र ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

शेवटचा टप्पा रात्रपाळीचा. डॉक्टर फोनवर 'करू की नको' असं विचारत असतात. त्यांना 'नको' सांगितलं, तर डायलिसिसवरचा रुग्ण आलेल्या वाटेने घरी परत जाणार असतो. 'करा' सांगितलं आणि चुकलं, तर किडनीही जाते आणि पुढच्या प्रत्यारोपणासाठी अँटीबॉडी आणखी वाढून बसतात.

ब्रिटनमध्ये शिडी आहे, भारतात?

ब्रिटनमध्ये यासाठी ठरलेली वाट आहे. विज्ञान पदवीधरांना 'सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्राम'मध्ये प्रवेश मिळू शकतो. तीन वर्षं पगारी प्रशिक्षण, सोबत एमएस्सी आणि ठरवून दिलेली कौशल्यं पूर्ण केल्याची नोंद. त्यात हिस्टोकम्पॅटिबिलिटी हा स्वतंत्र विषय आहे. त्यानंतर नियामक संस्थेकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही 'क्लिनिकल सायंटिस्ट' हे पदनाम लावता येत नाही. पुढे आणखी प्रशिक्षण घेऊन सल्लागार पदापर्यंत जाता येतं.

भारतात कुशल लोक नाहीत असं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ट्रान्सप्लांट इम्युनोलॉजीचा विभाग आहे. मुंबईत केईएमच्या परिसरात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे आणि तिचं एक केंद्र चंद्रपुरातही आहे. डॉक्टरांना ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमध्ये एमडी करून या क्षेत्रात येता येतं.

प्रश्न बिगर-डॉक्टर शास्त्रज्ञांचा आहे. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलेली मुलं-मुली बहुतेक वेळा नोकरी लागल्यावरच हे काम शिकतात. वरिष्ठ चांगले मिळाले तर शिक्षण चांगलं, नाहीतर किटसोबत आलेली माहितीपुस्तिका आणि कंपनीचा माणूस. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिक आयोग कायद्याने प्रयोगशाळा आणि जीवशास्त्रातल्या व्यावसायिकांना पहिल्यांदाच राष्ट्रीय चौकट दिली. पण त्याच्या यादीत या शाखेचं वेगळं नाव नाही.

सही कोणाची?

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, अशी भूमिका घेतली. बोगस लॅबना आळा घालण्यासाठी त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. पुढे केंद्राच्या २०२० च्या सुधारित नियमांनी काही चाचण्यांपुरती पात्र एमएस्सी-पीएचडीधारकांना सहीची मुभा दिली. अट अशी, की निकालावर मत नोंदवायचं नाही. हे नियम केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू असलेल्या राज्यांपुरते आहेत.

साखरेच्या किंवा हिमोग्लोबिनच्या अहवालात मताशिवाय भागू शकतं. एचएलए अँटीबॉडीच्या अहवालात आकड्यापेक्षा मतच महत्त्वाचं असतं. ज्याने दहा वर्षं हेच काम केलं, त्याला मत नोंदवण्याचा अधिकार नसेल आणि ज्याला अधिकार आहे त्याचा या विषयातला अनुभव जेमतेम असेल, तर अहवालावर सही असते, पण नेमकी जबाबदारी कोणाची हे स्पष्ट राहत नाही.

नागपुरात काय करता येईल?

पाया इथे तयार आहे. विद्यापीठातून दरवर्षी विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी बाहेर पडतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स आणि झेडटीसीसी एकाच शहरात आहेत. सिकलसेलमुळे एचएलए तपासणीची गरज किडनीपुरती मर्यादित नाही.

गरज आहे ती मोजक्या पगारी प्रशिक्षण जागांची, शेवटी होणाऱ्या स्वतंत्र परीक्षेची आणि त्यानंतर मिळणाऱ्या नोंदणीची. प्रत्यारोपण केंद्राला परवानगी देताना सर्जन आणि आयसीयू पाहिले जातात. रात्री क्रॉसमॅच कोण करणार, त्याचं प्रशिक्षण किती आणि तो रजेवर असेल तर पर्याय कोण, हेही त्याच वेळी विचारता येईल.

अवयवदानाच्या शपथेचे फॉर्म भरून घेणं सोपं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण एका कुटुंबाने दुःखाच्या क्षणी दिलेली किडनी योग्य माणसापर्यंत पोहोचायची असेल, तर ती कोणाला चालेल हे खात्रीने सांगणारी माणसंही त्याच शहरात घडवावी लागतील. त्याला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे सुरुवात दाते वाढण्याआधीच करावी लागेल.