फराळाच्या ताटाशेजारचा काटा

दिवाळी आली की साताऱ्या-सांगलीकडची घरे माणसांनी भरून जातात. मुंबई-पुण्याची मुले गावी येतात, लेकी माहेरी येतात, भाऊबीजेला आत्या येतात. उंबऱ्यात चपला काढायच्या आतच बोलणे सुरू होते. ‘‘काय गं, चांगलंच अंग धरलंस की!’’ ‘‘लई हडकलास की रं, जेवायला घालतात का न्हाई तिकडं?’’ पुढे फराळ येतो. एकाला आग्रह होतो, दुसरीला ‘‘तू आपली बेतानं घे’’ असा सल्ला मिळतो. बोलणारा पुढच्या विषयाकडे वळतो. सोळा वर्षांची मुलगी मात्र उचललेली करंजी परत ठेवते आणि सगळ्यांचा फोटो काढताना मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

बोलणारी माणसे काही दुष्ट नसतात. 1972 च्या दुष्काळात माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या माणसांनी खडी फोडली. सुकडीवर आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. ज्या पिढीने पोरांच्या बरगड्या पाहिल्या, तिला भरलेले अंग म्हणजे सुबत्ता वाटणारच. ‘अंगानं बरी झालीस’ हे तिचे कौतुक होते. आज त्याच वाक्याने मुलगी ओशाळते. तुळशीचे लग्न लागले की स्थळे पाहणे सुरू होणार, हे तिलाही ठाऊक असते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. कुणी ‘काडी’ ठरतो, कुणी ‘ढोल्या’.

बँकेत असताना मी सोनेतारणाचे काम पाहत असे. दागिना ग्राहकासमोर तोलला जाई, सराफ तो कसाला लावून पाही, खड्यांचे वजन वजा होई. नुसत्या नजरेने अंदाज सांगायची मुभा तिथे कुणालाच नव्हती. माणसाच्या बाबतीत मात्र आपण सारेच बिनकाट्याचे सराफ!

यावर कुणी म्हणेल, ‘मग काय, मधुमेह होऊ द्यायचा?’ प्रश्न रास्त आहे. देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. पण नजरेला यातले किती कळते? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांत ती अशी दडलेली असते. म्हणजे ‘जाडी’ला टोमणा मारून तिचे भले होत नाहीच, उलट ‘बारीक’ म्हणून वाखाणलेला माणूस गाफील राहतो. तेव्हा काळजी असेल तर रक्त तपासून घ्यायला सांगावे, जमल्यास सोबत जावे. पण चार माणसांत नव्हे.

शरीराकडे पाहण्याची दुसरी रीत आपल्याच मुलखात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, ते 57 किलोच्या गटात. कवठेपिरानचे मारुती माने 1964 चे हिंदकेसरी. ते भारी वजनाचे मल्ल. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलोच्या गटात एकूण 248 किलो वजन उचलून रौप्यपदक आणले. 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि मानाची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. आखाड्यातही वजन काटेकोरपणे होते, पण ते बरोबरीची जोड लावण्यासाठी. खाशाबांना ‘मारुती मानेंएवढे का नाही’ असे कोण विचारणार?

सगळ्यांनी गदा जिंकावी असे मुळीच नाही. उसाची मोळी वाहणारे, दोन बाळंतपणे सोसून रोज कामाची एसटी गाठणारे, आजारातून उठून पुन्हा चुलीशी उभे राहिलेले शरीरही मानाचेच आहे. त्याच्या कमरेचा घेर हा बैठकीतल्या गप्पांचा विषय नव्हे.

आणि दिवाळी तर शरीराच्या लाडाचाच सण. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी तेल-उटणे घेऊन बसते. रोड्या नातवाला थोडे आणि गुटगुटीत नातीला ‘बेतानं’ असा भेद ती करत नाही. साऱ्यांची पाठ तितक्याच मायेने चोळते. हाच न्याय फराळाच्या ताटापर्यंत न्यायला काय हरकत आहे? ‘‘झोप लागते का गं? काम कसं चाललंय? कुणाशी बोलणं होतं का तिकडं?’’ असे विचारून पाहावे. मुले मोकळेपणाने उत्तर देतील, आणि करंजी किती खायची ते ज्याचे त्याला ठरवता येईल.