वाह! पण बेस कुठाय?

तीन माणसांच्या बँडमध्ये एकच मोठा प्रॉब्लेम असतो. लपायला जागा नसते.

वर्षभरापूर्वीपर्यंत आम्ही चौघं होतो आणि मी मस्त लपलेली असायचे. मी बेस वाजवते. म्हणजे फोटोत जी कडेला उभी असते आणि पोस्टरवर जिचं नाव सगळ्यात शेवटी येतं, ती मुलगी. पुढे माझा दादा गिटारवर धमाल करायचा, टाळ्या घ्यायचा आणि मी मागे चार जाड तारांवर गुपचूप आपलं काम करायचे. मग दादाला म्युनिकमध्ये जॉब लागला. गिटार गेली, थंडीचं जाकीट गेलं, बाकरवडीची चार पाकिटं गेली. त्याचं जुनं, सेकंडहँड वाह पेडल मात्र वजनाच्या काट्यावर नापास झालं. निघताना ते माझ्या हातात देत दादा म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. वाजव हवं तर. फक्त उघडू नकोस."

तर मंडळी, मी ते उघडलं.

त्याचं असं झालं, दादा गेल्यावर आमच्या गाण्यांना मधोमध भोक पडलं. खाली बेस आणि ड्रम, वर गाणारीचा आवाज, मध्ये नुसती हवा. ड्रमर म्हणाला, नवीन गिटारिस्ट शोधू. मी म्हटलं, थांब, त्या जागेत मी येते. नवीन गिटारिस्ट घेतला की दादा खरंच गेला, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. महिनाभरावर एका मित्राच्या कॅफेत आमचा शो होता. "तोपर्यंत बघू," ड्रमर म्हणाला. डेडलाइन मिळाली!

वाहची वाह वाह

वाह पेडल माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. पायाखाली गाडीच्या अॅक्सिलरेटरसारखी एक फळी असते. टाच दाबली की आवाज 'वू', पंजा दाबला की 'वा'. जणू गिटार बोलतेय. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा इंजिनिअर एका अॅम्प्लिफायरवर काम करत होता. आवाजातला मधला पट्टा उचलणाऱ्या स्विचच्या जागी त्याने फिरवायचं बटण लावून पाहिलं आणि हा आवाज सापडला. पुढच्या वर्षी पेडल बाजारात आलं ते क्लाइड मॅककॉय या ट्रम्पेटवाल्याच्या नावाने, कारण ट्रम्पेटच्या तोंडावर म्यूट धरून तो असाच 'वा-वा' काढायचा. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सने 'वूडू चाइल्ड'ची सुरुवात याच आवाजाने केली आणि मग काय, वाह गिटारचंच होऊन बसलं.

बेसवाल्यांनी ते वापरलं नाही असं नाही. मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनने १९८३ च्या पहिल्याच अल्बममध्ये बेसचा अख्खा सोलो वाहवर वाजवलाय. कॉलेजमध्ये तो ऐकूनच मी बेस हातात घेतला होता. त्यामुळे मी जाम कॉन्फिडंट होते.

प्लग लावला. फळी दाबली. आणि बेस गायब! खालची जाड तार छेडली तर आतून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी आलं. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. हे बघणं बेसवाल्यांना बरोब्बर कळतं.

जास्त म्हणजे चांगलं?

बारावीला फिजिक्स जेमतेम निघालं म्हणून मी मास कॉम केलं. पण आता उपाय नव्हता. दोन रात्री वाचून काढल्या. फंडा साधा आहे. पेडलच्या आत एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून आवाजातला एक छोटा पट्टा उचलून धरतात आणि फळी हलवली की तो पट्टा वर-खाली सरकतो. ढोबळमानाने ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झपर्यंत. गिटारसाठी हे झकास. पण माझ्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार वाजते ४१ हर्ट्झवर. म्हणजे पेडल तिसऱ्या मजल्यावर नाचतंय आणि मी तळघरात!

उपायही तिथेच होता. तो कपॅसिटर मोठा करा, पट्टा खाली येतो. मूळ किंमत ०.०१ मायक्रोफॅरड. मी विचार केला, आपण कशाला कंजुषी करायची? थेट ०.१ चा आणला, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेतलं, बोटाला एक चटका घेतला आणि मूळ कपॅसिटरच्या दोन पायांवर तो जोडून टाकला. आता पट्टा खाली आला खरा, पण इतका, की पेडल तोंडात घास ठेवून बोलायला लागलं. 'वा' नाही की 'वू' नाही, नुसतं 'ब्वॉ ब्वॉ'. आणि गंमत म्हणजे खालची तार अजूनही बारीकच!

शोला बारा दिवस उरले होते. दादाला दिलेला शब्द मोडला होता, पेडल बिघडलं होतं आणि फोनवर "कसं चाललंय?" विचारल्यावर मी "सही!" म्हणत होते.

तपकीर गल्लीतले काका

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं खच्चून भरलेली आहेत. तिथे एका जिन्याखाली एक काका बसतात. वय सत्तरच्या पुढे. ऑर्केस्ट्रावाल्यांचे आणि गणपती मंडळांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. मी पेडल पुढे ठेवलं आणि म्हटलं, "काका, याचा बेस वाढवायचाय."

"वाढवायचाय की वाचवायचाय?" काकांनी चष्मा वर केला.

मी गप्प.

त्यांनी मला बेस जोडायला लावला. फळी अगदी हळू हलवायची आणि प्रत्येक ठिकाणी खालची तार वाजवायची. मग वरची. मग पुन्हा खालची. पाच मिनिटं नुसतं ऐकलं. मग बोर्ड उलटा करून स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका कपॅसिटरवर टेकवलं. मी बदलला तो नव्हे, त्याच किमतीचा दुसरा. आवाज आत येतो त्या वाटेवरचा.

"अगं पोरी, दारातच अडवलंस तर माणूस घरात येणार कुठून? तू आत फर्निचर हलवत बसलीस."

हिशेब त्यांनी पाकिटाच्या मागे करून दाखवला. जुन्या पद्धतीच्या या सर्किटमध्ये दाराशी ६८ हजार ओहमचा रेझिस्टर आणि ०.०१ चा कपॅसिटर आहे. ही जोडी साधारण २३० हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू गाळायला लागते. ४१ हर्ट्झचा माझा सूर आत पोचेपर्यंत जेमतेम सहावा हिस्सा उरतो. यात बनवणाऱ्याची चूक काहीच नाही. गिटारला त्या खोलीवर काही काम नसतं, उलट तिथे गाळणी असली तर आवाज स्वच्छ राहतो. पेडल गिटारसाठी बनलं होतं. मी त्याच्याकडे भलतंच मागत होते.

म्हणजे काम दोन होती आणि मी एकच धरून बसले होते. दार मोठं करायचं, म्हणजे तळ आत येईल आणि स्थिर राहील. आणि पट्टा थोडासाच खाली आणायचा, म्हणजे वरचा आवाज बोलत राहील. बेससाठी मुद्दाम बनवलेल्या वाह पेडल्समध्येही तत्त्व हेच असतं. तळाला फारसा हात लावायचा नाही, गंमत वरच्या मजल्यावर करायची.

काकांनी माझा ०.१ काढला आणि दाराच्या कपॅसिटरला जोडला. पट्ट्याच्या कपॅसिटरला ०.०३३ चा दिला. असे शेजारी जोडले की किमतींची बेरीज होते, ०.०४३. चौपटीच्या थोडं वर. आणि कपॅसिटर चौपट केला की पट्टा निम्म्यावर येतो. म्हणजे आता साधारण २०० ते १००० हर्ट्झ. मी हिशेब बरोबर केल्यावर काका म्हणाले, "फिजिक्समध्ये नापास कोणी केलं तुला?" नापास नव्हते हो काका, काठावर होते!

मूळ कपॅसिटर कापून टाकूया का, असं मी विचारलं. त्यांनी विचारलं, "पेडल कोणाचं?"

"दादाचं."

"मग कापायचं कशाला?" ड्रॉवरमधून सहा पायांचा एक छोटा स्विच काढून त्यांनी दोन्ही नवे कपॅसिटर त्यावर घेतले. खटका इकडे, बेस. खटका तिकडे, जसं होतं तसं गिटारचं. पैसे किती, तर कॅफेतल्या एका कॉफीपेक्षा कमी. "शोला पेढे नको, रेकॉर्डिंग आण," एवढीच अट.

खटका

शो झाला. सगळं सिनेमासारखं झालं नाही. दुसऱ्या गाण्यात माझा पाय फळीवरून घसरला आणि एका गाण्यात मी इतकी 'वा-वा' केली की गाणारीने वळून डोळे वटारले. पण ज्या जागी हवा होती तिथे आता काहीतरी होतं, आणि खालची तार जमिनीतून येत होती. ड्रमरने शेवटी एवढंच म्हटलं, "गिटारिस्टचं पुढच्या महिन्यात बघू." त्याच्या भाषेत हे स्टँडिंग ओव्हेशन आहे.

रात्री रेकॉर्डिंग दादाला पाठवलं आणि कबुली द्यायला व्हिडिओ कॉल केला. तो हेडफोन लावून ऐकत होता. बराच वेळ काही बोलला नाही.

"उघडलंस ना?"

"हो. पण तुझं सगळं आत तसंच आहे. स्विच आहे. आलास की खटका फिरवायचा."

दादा हसला. मग म्हणाला, "डिसेंबरमध्ये येतोय. तोपर्यंत तुझ्याकडेच ठेव खटका."

तुमच्याकडे असं जुनं पेडल असेल तर माझ्या चटक्यावरून एवढं शिका. अॅडॅप्टर आणि बॅटरी काढल्याशिवाय झाकण उघडू नका. आधी आतला फोटो काढा, कारण सर्किट प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐका. आणि ऐकताना सगळ्यात खालच्या तारेपासून सुरू करा. ती कधी तक्रार करत नाही, नुसती नाहीशी होते.