नाव राजगड, गाडी कुठाय?

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात राजगड आहे. दोन्ही बातम्यांनी मला आनंद झाला. मी याच डोंगरातली आहे, राजगडाचं नाव कुठंही दिसलं तरी छाती फुगते. पण आनंद झाला म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असं थोडंच आहे? माझा प्रश्न साधा आहे. या राजगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या पोरीला सकाळी कॉलेजला जायला आणि संध्याकाळी घरी परतायला गाडी आहे का?

तुम्ही म्हणाल, किल्ल्याचा आणि एसटीचा काय संबंध? मी म्हणते, तोच तर खरा संबंध आहे. आमच्या भागाचा इतिहास म्हणजे वाटांचा इतिहास. वाटा तुटू द्यायच्या आणि पाट्या रंगवायच्या, याला इतिहासाचं जतन म्हणत नाहीत. याला ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात.

जरा जुनी नावं आठवून बघा. गुंजण मावळ, कानंद खोरं, वेळवंड खोरं, हिरडस मावळ, रोहिड खोरं. शिवकाळात हा मुलुख याच नावांनी ओळखला जायचा. यातली कितीतरी नावं नदीवरून पडली आहेत. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी या नद्या आजही वाहतात. नदीच्या काठानं वाट आणि वाटेवर गावं. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर मधली खिंड ओलांडायची. माझी आजी लग्न होऊन एक डोंगर ओलांडून आली. तिचं माहेर किती किलोमीटरवर होतं हे तिनं कधी सांगितलं नाही. ‘भाकरी बांधून निघालं की दुपारपर्यंत पोचायचं,’ एवढंच सांगायची. आज त्याच माहेरगावी बसनं जायचं तर आधी हायवेला यावं लागतं आणि दुसऱ्या फाट्यानं पुन्हा आत शिरावं लागतं. डोंगर आहे तिथंच आहे. लांब झालं ते माहेर.

राजगडाकडे याच नजरेनं बघा. पूर्वीचा हा मुरुंबदेवाचा डोंगर. शिवाजी महाराजांनी रायगडापूर्वी राजधानीसाठी हाच निवडला, कारण तो गुंजवणी, कानंदी आणि वेळवंडीच्या खोऱ्यांच्या बेचक्यात उभा आहे. गडाचे दरवाजे वेगवेगळ्या अंगांना उघडतात. गुंजवणे दरवाजानं गुंजवण्याला उतरा, पाली दरवाजानं पालीला. अळू दरवाजातून तोरण्याच्या डोंगररांगेकडे जाता येतं आणि भुतोंड्याच्या बाजूनं वेळवंड खोऱ्यातही उतरता येतं. म्हणजे हा किल्ला एक जंक्शन होता! तीन खोऱ्यांना एकत्र बांधणारी गाठ होती. आज आपण त्याला डेड एंड करून टाकलंय. पुण्याहून गाडी येते, पायथ्याला पार्किंग होतं, लोक वर जातात, फोटो काढतात आणि त्याच रस्त्यानं पुण्याला परततात. गडाच्या एका अंगाला राजगड तालुका, दुसऱ्या अंगाला भोर तालुका. दोघांच्या पाठी एकमेकांना टेकलेल्या आणि तोंडं मात्र दोघांचीही पुण्याकडे.

भोरहून वेल्ह्याला जायचं असेल तर सहसा काय करतात, माहितीये? कापूरहोळला येऊन हायवे गाठायचा, चेलाडी फाट्याला उतरायचं, आणि नसरापूरवरून परत पश्चिमेला वळायचं. शेजारच्या घरात जायला गावाच्या वेशीपर्यंत चालत जाऊन परत यावं, तसला प्रकार. आणि फाट्यावर उभं राहिल्यावर वेळापत्रक म्हणजे कोण? तर पानटपरीवाला. तो म्हणेल ‘येईल’ तर येईल, तो म्हणेल ‘गेली’ तर गेली.

आता भोर तालुक्यातली तीन गावं घ्या. कारी, शिंद आणि भुतोंडे. कारी कान्होजी जेध्यांचं. १६५९ मध्ये अफझलखान आला तेव्हा वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पाठीशी उभे राहिले ते कान्होजी. शिंद बाजीप्रभू देशपांड्यांचं, पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंचं. आणि भुतोंडे येसाजी कंकांचं. ही नावं महाराष्ट्रात कुणाला माहीत नाहीत? त्यांच्यावर सिनेमे निघतात, डायलॉगवर थिएटरात शिट्ट्या पडतात. त्या थिएटरातल्या किती जणांना ही गावं नकाशावर दाखवता येतील? स्वतःची गाडी नसेल तर त्या गावांना कसं पोचायचं, हे किती जणांना सांगता येईल? येसाजी कंकांचं नाव आपण भाटघर धरणाच्या जलाशयाला दिलं. उत्तम केलं. पण ज्या पाण्याला ते नाव दिलं, त्या पाण्यानंच वेळवंड खोऱ्याचा तळ गिळलाय, हेही कुणीतरी सांगायला हवं.

भाटघरला पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे झालं. १९२०च्या दशकात इंग्रजांनी तिथं मोठं धरण बांधलं आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचं नाव दिलं. साडेतेवीस टीएमसीचं हे धरण. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जातं. वरच्या खोऱ्यातली सपाट जमीन, नदीकाठच्या वाटा, समोरासमोरची गावं पाण्याखाली गेली किंवा पाण्यानं दुरावली. पलीकडचा काठ डोळ्यांनी दिसतो, पण तिथं पोचायला जलाशयाला वळसा घालावा लागतो. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं मंदिर वर्षातला बहुतेक काळ पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात धरण आटलं की वर येतं. तेव्हा त्याचे ड्रोन व्हिडिओ फिरतात, ‘रहस्यमय मंदिर’ म्हणून. रहस्य कसलं त्यात? गाव होतं, देऊळ होतं, धरण झालं. इतकं सरळ आहे. पुढं नीरा नदीवर देवघरला पावणेबारा टीएमसीचं धरण झालं, कानंदीवर धानेपला गुंजवणी धरण झालं. म्हणजे आमच्या खोऱ्यांनी पाणी दिलं, जमीन दिली, वाटा दिल्या. बदल्यात काय मागतो? बस. शब्दशः बस!

आता समोरून येणारं उत्तर मला पाठ आहे. एसटी तोट्यात आहे, गावात माणसं उरली नाहीत, आता घरोघरी बाईक आहे, वडाप आहे, रिकामी गाडी पळवायची कशाला? या उत्तरात थोडं खरं आहे, ते मी नाकारत नाही. डोंगरातल्या वाडीवर सकाळी पन्नास प्रवासी मिळणार नाहीत. पण घरोघरी बाईक आहे म्हणजे ती कुणाकडे आहे? घरातल्या पोराकडे. तो कंपनीत गेला की ती बाईकही गेली. मागं आई, आजी आणि शाळा-कॉलेजातली पोरगी राहते. एकट्या पोरीनं अंधार पडता वडापच्या जीपला लटकून यावं, असं म्हणायची तुमची तयारी आहे का? आमच्याकडच्या घरांची नसते. मग घरात ठरतं, ‘दहावी झाली ना, बास.’ ते ठरतं तेव्हा कुणी ओरडत नाही, भांडण होत नाही. ज्या गावाची संध्याकाळची गाडी बंद होते, तिथल्या एखाद्या पोरीचं शिक्षण त्याच गाडीबरोबर बंद होतं. त्याची नोंद कुठल्याच तोट्याच्या हिशोबात सापडायची नाही.

यातली गंमत बघा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना प्रवास फुकट आहे. या सवलती चांगल्याच आहेत. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला सवलतीचा काय उपयोग? जेवण फुकट आहे, फक्त ताट वाढलेलं नाही.

शिवाय नफ्या-तोट्याचा हा काटा फक्त बसलाच का लावायचा? गडाखालपर्यंत डांबरी रस्ता केला, तेव्हा त्या रस्त्यानं किती नफा कमवला असं कुणी विचारलं नाही. कारण तो रस्ता चारचाकीवाल्यांच्या सोयीचा आहे. त्याच रस्त्यावर बस सोडा म्हटलं की लगेच वह्या उघडतात.

इंग्लंडमध्ये शिकायला गेलेले माझे मित्रमैत्रिणी तिथल्या छोट्या गावांचे फोटो पाठवतात. खांबावर बसचं छापील वेळापत्रक, आणि जुन्या घराच्या भिंतीवर ‘इथं अमुक माणूस राहायचा’ अशी गोल पाटी. लंडनमध्ये ही पाट्यांची पद्धत १८६० च्या दशकापासून आहे. फोटो बघून आपण हळहळतो, ‘बघा, त्यांना इतिहासाची कदर आहे.’ पण तिथली दुसरी बाजूही ऐका. १९८६ मध्ये लंडन सोडून उरलेल्या इंग्लंडमधली बससेवा खुल्या बाजारावर सोडून दिली. जिथं धंदा होता तिथं बस राहिल्या, आणि खेड्यापाड्यांत कमी होत गेल्या. भिंतीवरची पाटी राहिली, खांबावरचं वेळापत्रक गेलं. म्हणजे हा काही गोऱ्यांच्या संस्कृतीचा महिमा नाही. ज्या दिवशी सरकार म्हणतं की ‘हे आमचं काम नाही’, त्या दिवशी कुठलंही गाव दूर जातं, मग ते यॉर्कशायरमधलं असो नाहीतर वेळवंड खोऱ्यातलं.

आणि आपल्याकडे तर हे काम सरकारनं आपणहून अंगावर घेतलं होतं. ८ मार्च १९४८ ला पंतसचिवांचं भोर संस्थान विलीन झालं. पुढच्या तीन महिन्यांच्या आत, १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. संस्थान गेलं आणि एसटी आली! माझ्या लेखी आमच्या भागातल्या लोकशाहीची व्याख्या एवढीच आहे. राजाच्या वाड्यापर्यंत जाणारा रस्ता आधीही होता. आता रयतेच्या दारापर्यंत गाडी यायला लागली. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा याच राज्यानं दिली. मुक्कामी गाडी ही तर आपल्या खेड्यांची केवढी मोठी गोष्ट. रात्री ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपायचे आणि पहाटे गावाला घेऊन निघायचे. दवाखाना, कोर्ट, बाजार, परीक्षा, सगळं त्या पहाटेच्या गाडीवर चालायचं.

आता थोडं तुम्हा शनिवार-रविवारवाल्या मंडळींशी. तुम्ही येता याचा मला राग नाही. या, हजारदा या. पण मढे घाटाच्या धबधब्यासमोर रील काढताना एवढं लक्षात असू द्या, की हा ‘व्ह्यू पॉइंट’ नाही, हा रस्ता आहे. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठ्याला याच घाटानं नेला, असं परंपरा सांगते. वरंध घाट, बोचेघोळ नाळ, या सगळ्या कोकण आणि देश जोडणाऱ्या वाटा. लोक त्यांवरून मीठ, धान्य, सोयरिकी आणि निरोप घेऊन चढले-उतरले. त्या वाटा पायाखाली घातलेली म्हातारी माणसं अजून गावांत आहेत. त्यांना पाणी कुठं मिळतं विचारून तुम्ही पुढं जाता. वाटेचं नाव विचारत नाही, कारण मोबाईलवर ‘ट्रेल’ डाउनलोड केलेला असतो.

मग मला काय हवंय? फार नाही. भोर, नसरापूर आणि वेल्हे या तिन्ही ठिकाणी मराठीत, मोठ्या अक्षरांत, खरं वेळापत्रक लावा, आणि तेच मोबाईलवरही दिसू द्या. भोर आणि वेल्हे जोडणारी सकाळ-संध्याकाळची थेट गाडी सुरू करा. ज्या खोऱ्यात संध्याकाळची गाडी नाही तिथं एक मुक्कामी गाडी द्या. मोठी परवडत नसेल तर छोटी द्या, पण रोज द्या. सुट्टीच्या दिवशी नसरापूरहून गुंजवणे, पाली आणि वेल्ह्यापर्यंत फेऱ्या सोडा. पर्यटकांच्या गाड्या तिथंच थांबवा आणि त्या तिकिटाच्या पैशांवर आठवड्याभराच्या गावगाड्या चालवा. आणि कारी, शिंद, भुतोंड्याच्या फाट्यावर एक पाटी लावा: हे कुठलं खोरं, इथं कोण राहायचं, इथून कुठली वाट कुठं जाते. आणि त्या पाटीखालीच बसची वेळ लिहा. इतिहास आणि वेळापत्रक एकाच खांबावर असलं तर काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी राजगडाला याल तेव्हा एकदा एसटीनं या. गाडी मिळाली नाही तर चिडा. ट्विटवर नाही, आगाराच्या तक्रारवहीत चिडा, आमदारांना चिठ्ठी लिहून चिडा. आमच्या गावातला आवाज पन्नास माणसांचा आहे म्हणून तो मोजला जात नाही. तुमचा शनिवारचा आवाज हजारोंचा आहे. तो नुसत्या घोषणेत संपवू नका, एका गाडीच्या मागणीत लावा. गड चढायला तुम्हाला दोन-तीन तास लागतात. आमच्या पोरींना तर अजून फाट्यापर्यंतच पोचायचंय.