टेबलाखालचा सर्व्हर

पहिली नोकरी किंवा इंटर्नशिप लागली की ऑफिसचा लॅपटॉप हातात येतो. दोनच दिवसांत कळतं, यावर काहीच चालत नाही! पेन ड्राइव्ह बंद, गुगल ड्राइव्ह बंद, साधं सॉफ्टवेअर टाकायचं तरी आयटी विभागाला मेल करा. उत्तर येईपर्यंत डेडलाइन गेलेली असते. मग टीममधला एखादा हुशार गडी जुना पीसी टेबलाखाली ठेवतो, त्यावर लिनक्स टाकतो आणि टीमचा स्वतःचा सर्व्हर सुरू करतो. काम झकास चालतं. आयटीवाल्यांना मात्र पत्ताच नसतो.

याला ‘शॅडो आयटी’ म्हणतात. आपल्या राधानगरी परिसरातली कितीतरी मुलं शिकून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जातात. त्यांना आज ना उद्या हे भांडण बघावं लागणारच. म्हणून ते नीट समजून घेऊ.

आयटी विभाग एवढा का घाबरतो? ‘नासा’चं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नेटवर्कला कुणीतरी परवानगीशिवाय एक रास्पबेरी पाय जोडला होता. तोच, आपण कॉलेज प्रोजेक्टला वापरतो तो चिमुकला कॉम्प्युटर. त्याच्यावरून हॅकर आत शिरले. सुमारे ५०० एमबी डेटा चोरीला गेला आणि हा प्रकार जवळपास दहा महिने कुणाच्या लक्षात आला नाही. एप्रिल २०१८ मध्ये तो उघड झाला. जे यादीतच नाही, त्यावर लक्ष ठेवणार कोण?

दुसरं उदाहरण २०२२ चं. ‘लास्टपास’ ही पासवर्ड सांभाळणारी कंपनी. तिच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमे, गाणी बघण्यासाठी ‘प्लेक्स’ हा मीडिया सर्व्हर होता. त्यातला दोष दुरुस्त करणारा अपडेट २०२० मध्येच आला होता, पण त्याने तो घेतलाच नाही. हॅकरने तिथून त्याचा पासवर्ड मिळवला आणि थेट कंपनीची तिजोरी गाठली. सर्व्हर लावणं सोपं असतं हो, पण दर महिन्याला त्याची निगा राखायचा कंटाळा येतो. खरा धोका तिथेच आहे.

म्हणजे आयटीवालेच बरोबर? थांबा. नासाच्या तपास अहवालातच पुढची गंमत आहे. एका सिस्टीम अ‍ॅडमिनने सांगितलं, की नवीन उपकरणांची नोंद करायची यंत्रणा कधीकधी चालतच नाही आणि मग नोंद करायची राहून जाते. घ्या! नियम आहे, पण तो पाळायची सोय धड नाही. अशा वेळी माणूस आडवाट शोधतोच.

इथे आपलं राधानगरी धरण आठवतं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. पाणी वाढणार, हे बांधणाऱ्यांनी आधीच धरलं होतं, म्हणून त्याला वाट ठेवली. आणि कितव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला, हे लगेच जिल्हाभर कळतं. नदीकाठ सावध होतो. चोरून लावलेला सर्व्हर म्हणजे भिंतीतली गळती. पाणी तेच, पण कुठून जातंय ते कुणाला माहीत नाही.

नुसती बंदी घालून गळती थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी एआय टूल्स वापरू नका, असं कर्मचाऱ्यांना सांगितलं. गोपनीय माहितीची काळजी रास्तच आहे. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. ऑफिसने स्वतःचं सुरक्षित टूल दिलं नाही, तर काम तिकडे सरकणारच. प्रयोगासाठी वेगळा सर्व्हर द्या, परवानगीचा अर्ज दोन दिवसांत निकाली काढा. निम्मे जुगाड आपोआप बंद होतील.

आणि आपण काय करायचं? सर्व्हर लावण्याची हौस जरूर ठेवा. घरी लावा, मोडा, पुन्हा लावा, त्यातूनच शिकता येतं. पण तो ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा असेल, तर आधी लेखी विचारा. कारण खेळ गंभीर आहे. ‘सर्ट-इन’च्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड कंपनीला होईल, पण त्यानंतर कंपनी पहिल्यांदा कुणाला शोधेल?

काम वेळेत झालं तेव्हा ‘भारी जुगाड केलास भावा’ म्हणणारे सगळे असतात. चौकशी लागल्यावर मात्र टेबलाखालच्या त्या पीसीचा मालक एकटाच उरतो. तेव्हा परवानगीचा एक साधा मेलच उपयोगी पडतो.