अक्षहृदय आणि दोघांचा डाव

खान्देशांत आखाजी आली म्हणजे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. अंगणांतील निंबास झोके बांधले जातात व माहेरीं आलेल्या लेकींचीं गौराईचीं गाणीं सुरू होतात. आणि इकडे ओट्यावर, पारावर पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव मांडले जातात. अक्षय्य तृतीयेसारख्या पुण्यदिवशीं पत्ते कां, ह्याचें शास्त्राधारें उत्तर आम्हांस अद्याप कोणीं दिलेलें नाहीं. परंतु जळगांव-धुळ्याकडील ज्या घरांत वर्षभर पत्त्यांस हात लावणें निषिद्ध, त्याही घरांत त्या दिवशीं वडीलधारी मंडळी स्वतः फडताळांतून जोड काढून देतात, हें आमच्या पाहण्यांत आहे.

ह्याच आखाजीनें धुळ्याच्या एका एकत्र कुटुंबांत बाप-लेकांचा अबोला घडवून आणला आहे. त्या घरच्या थोरल्या सुनेनें आम्हांस सविस्तर पत्र लिहिलें आहे. त्यांचे धाकटे दीर अभियंते असून पुण्याच्या नोकरीचें काम सध्यां घरूनच करतात. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं ते परदेशांतील पेशेवाईक पोकर-खेळाडूंच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहत बसतात आणि एका जाड वहींत आंकडे व टिपणें उतरून घेतात. आखाजीस मामंजींनीं तीन पत्तीस बोलाविलें, तेव्हां ते म्हणाले, “त्यांत शिकण्यासारखें काय आहे? तो निव्वळ नशिबाचा खेळ.” मामंजी उसळले: “आमचा तो जुगार आणि तुझा तो अभ्यास काय?” तेव्हांपासून दोघांचें बोलणें सुनेच्या मार्फत चाललें आहे. सासूबाईंचें मत वही बंबांत घालावी असें आहे. हें सारें वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें. परंतु पत्राच्या अखेरीस त्या लिहितात कीं, दीरांचें लग्न ठरावयाचें आहे, आणि ह्या खेळांत त्यांचे किती गेले व किती आले हें घरांत कोणासच ठाऊक नाहीं. तेथें आमचें हसूं मावळलें.

प्रथम हा खेळ काय आहे तें सांगितलें पाहिजे. ज्यास ‘हेड्सअप’ म्हणतात तो दोघांचाच डाव. प्रत्येकास दोन पानें पालथीं मिळतात. मध्यें पांच पानें उताणीं मांडलीं जातात, आधीं तीन, मग एक, मग आणखी एक. आपलीं दोन व मधलीं पांच अशा सातांतून ज्याचा पांच पानांचा मेळ सरस, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यास चाल करावयाची, समोरच्याची चाल पाहावयाची, किंवा पानें टाकून मोकळें व्हावयाचें. दहा जणांच्या बैठकींत मनुष्य चांगलीं पानें येईपर्यंत स्वस्थ बसूं शकतो. दोघांत तें चालत नाहीं, कारण दर डावास दोघांनाही कांहीं रक्कम आगाऊ ठेवावी लागते, आणि एक्क्यांची वाट पाहणारा वाट पाहतां पाहतांच झिजतो. दोन एक्के हातीं येण्याचा संभव २२१ डावांत एकदां. कोणतीही जोडी येण्याचा १७ डावांत एकदां. तेव्हां येथें विद्यार्थ्यास सामान्य पानांचें मोल शिकावें लागतें. निरनिराळ्या रंगांची राणी व सत्ती हीं पानें समोरच्याच्या अज्ञात पानांविरुद्ध शंभरांत सुमारें ५२ वेळां सरस ठरतात. सर्वांत दरिद्री अशी दुर्री-तिर्री देखील, शेवटपर्यंत नेली तर, शंभरांत सुमारें ३२ वेळां जिंकते!

हें गणित परकें आहे असें कोणी म्हणेल, तर आम्ही चाळीसगांवाजवळच्या पाटणाकडे बोट दाखवूं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चांगदेव ह्यांनीं मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथें आहे. आचार्यांच्या लीलावतींत सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस निवडल्यास किती प्रकार होतात, हें काढण्याची रीत दिली आहे. तीच रीत बावन्न पानांस लावा: ५२ गुणिले ५१, भागिले २, म्हणजे १,३२६ प्रकारचे हात. आपलीं दोन पानें वगळलीं कीं समोरच्याकडे १,२२५ पैकीं कोणता तरी एक. दोघांचे हात ठरल्यावर मधलीं पांच पानें १७,१२,३०४ प्रकारांनीं पडूं शकतात. आचार्यांस पत्ते ठाऊक नव्हते हें उघडच आहे, पण दीरांच्या वहींतील अर्धे आंकडे त्यांच्या शिष्यास अपरिचित वाटले नसते.

आतां हूल देण्याविषयीं. घरांतील वडीलमंडळींस सर्वांत खटकतें तें हेंच कीं, हातांत कांहीं नसतांना आहे असें भासविणें ही लबाडी होय. जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञानें १९२८ सालीं दोघांच्या डावांविषयीं मूलभूत सिद्धान्त मांडला व १९४४ सालीं मॉर्गनस्टर्न ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथांत पोकराचा विचार केला. त्यांतून निष्पन्न झालें तें असें कीं, हूल हा स्वभावाचा प्रश्न नसून हिशेबाचा आहे. समजा, मध्यें शंभर रुपये जमले आहेत आणि आपण शेवटीं शंभरांची चाल केली. समोरच्यानें ती पाहिली तर तो शंभर घालून दोनशें मिळवूं पाहतो. म्हणजे तीन वेळांत एकदां जिंकला तरी त्याची बरोबरी होते. म्हणून आपल्या अशा तीन चालींपैकीं दोन खऱ्या व एक पोकळ असावी. मग तो पाहो अथवा टाको, त्याच्या पदरीं अधिक कांहीं पडत नाहीं. कधींच हूल न देणाऱ्याच्या चालीस कोणी पैसा लावीत नाहीं, आणि सदा हूल देणाऱ्याची कोणी भीड धरीत नाहीं. हें प्रमाण राखणें ही ह्या खेळांतील खरी कला. डोळे बारीक करून समोरच्याचा चेहरा न्याहाळणें हा बराचसा सिनेमांतील प्रकार आहे.

असें असेल तर नामांकित खेळाडूंचे डाव पाहून ही कला येते काय? येते, परंतु कशी पाहावी तें कळलें तर. डॉयल ब्रन्सन हा अमेरिकन खेळाडू १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें जगज्जेता ठरला, आणि दोन्हीं वर्षीं त्याचा अखेरचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला गेला. त्या दोन पानांस त्याचेंच नांव पडलें, व कित्येक भाविक अद्यापि दश्शी-दुर्री हातीं येतांच पैसा लावून मोकळे होतात. पुढें ब्रन्सननें आपली रीत ग्रंथरूपानें मांडली. तो ग्रंथ वाचण्याचे श्रम घेणारे भाविकांहून थोडेच असावेत. गुरूचा विचार न घेतां गुरूचें पान घेणें हा रोग पत्त्यांपुरताच नाहीं, असो.

चित्रफितींत दुसरा एक मोठा दोष आहे. त्यांत दोघांचींही पालथीं पानें प्रेक्षकास दिसतात. ही डोळे उघडे ठेवून खेळलेली आंधळी कोशिंबीर होय. समोरच्याकडे काय आहे हें दिसत असतां प्रत्येक पाहणारा शहाणा असतो. आमची दीरांस सूचना अशी आहे कीं, पडद्याचा तो कोपरा कागदानें झांकावा, आपण काय केलें असतें व कां, तें वहींत आधीं लिहावें, आणि मगच कागद काढावा. असें शंभर डाव पाहिले तर हजार डाव नुसते पाहिल्याहून अधिक लाभ होईल.

मुरलेल्या खेळाडूंनाही नव्यानें शिकावें लागतें ह्याचें उदाहरण ताजें आहे. नोव्हेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ ह्या काळांत डग पोल्क व डॅनियल नेग्रानू ह्या दोघांचा २५,००० डावांचा सामना झाला. नेग्रानू अनेक वर्षांचा नामांकित, पण दोघांच्या डावांत पोल्क हा विशेष तज्ज्ञ. नेग्रानूनें चाळिशी उलटल्यावर शिक्षक ठेवले, गणकयंत्रावर अभ्यास केला, आणि तरीही तो सुमारें बारा लाख डॉलर हरला. येथें २५,००० हा आंकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. रविवारच्या दुपारीं पन्नास डाव जिंकून जो स्वतःस तज्ज्ञ समजतो, त्यानें दैवाचा हिस्सा आपल्या नांवें जमा केलेला असतो. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें ‘लिब्राटस’ नांवाच्या यंत्रप्रणालीचा चार पेशेवाईक खेळाडूंशीं १,२०,००० डावांचा सामना झाला. त्यांत दैव वगळण्यासाठीं मोठी मौजेची युक्ति योजिली होती: एका खेळाडूस जीं पानें मिळालीं तींच दुसऱ्या दालनांत यंत्रास, आणि यंत्राचीं पानें तेथील मनुष्यास. इतकी खबरदारी घेऊनही निर्णयास सव्वा लाखाच्या आसपास डाव लागले. आणि यंत्र चौघांसही भारी ठरलें.

एवढ्यावरून दीरांचा अभ्यास हा अभ्यासच आहे, हें आम्ही मान्य करतों. तीन पत्तीविषयींचें त्यांचें मतही निराधार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवितांना तीन पानांच्या खेळाहून तो निराळा असल्याचें म्हटलें होतें. परंतु पोकराविषयीं न्यायालयांचें एकमत नाहीं. आपल्या सीमेपलीकडील गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं तो जुगारच ठरविला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें, कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून आंतरजालावर खेळविण्याचा प्रत्येक खेळ निषिद्ध केला. खेळणारास त्यांत शिक्षा नाहीं, खेळविणारास मात्र तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे दीरांनीं पूर्वीं भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळलेले असले, तर तो मार्ग आतां बंद आहे.

कायद्याहूनही आम्हांस दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि मामंजींच्या रागांत ती कोठें तरी दडलेली असावी. दोघांच्या डावांत पैसा बाहेरून येत नाहीं. दोघे समान असतील तर दीर्घकाळानें कोणीच जिंकत नाहीं. आणि डाव तिसऱ्याच्या घरीं असेल, तर अड्डेवाला ज्यास नाल म्हणतो तो कापला जाऊन दोघेही हरतात. मग ज्यास ह्यावर उपजीविका करावयाची त्यानें काय करावें? त्यानें आपल्याहून दुर्बळ मनुष्य शोधावा. पेशेवाईकांत हें उघड बोललें जातें. उत्तम खेळाडूंशीं झुंजण्यापेक्षां एखादा श्रीमंत पण कच्चा गडी गांठणें ह्यांतच त्यांची मिळकत असते. बुद्धिबळाचा अभ्यासक आपल्याहून श्रेष्ठ गडी शोधीत गांवोगांव हिंडतो. हा मात्र कनिष्ठ शोधीत हिंडणार. ओट्यावरील तीन पत्तींत काकांचे पन्नास रुपये पुतण्याकडे जातात व संध्याकाळीं आंब्यांच्या रूपानें घरांतच परत येतात. पुतण्याच्या विद्येंत जे पन्नास हजार येतील, ते कोणाच्या तरी घरच्या फीचे किंवा हप्त्याचे असतील, आणि त्या घरांतही एखादी वहिनी असेल.

धुळ्याच्याच तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, हें तेथील वाचकांस सांगावयास नको. त्या गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवंतांनीं आपल्या विभूती सांगतांना द्यूतासही स्थान दिलें आहे, पण कोणांमधील? तर छळणारांमधील. आणि महाभारताच्या वनपर्वांत तर ह्या सबंध प्रश्नाचा निवाडाच आहे. नळराजा पुष्कराशीं दोघांच्या द्यूतांत राज्य हरला. पुढें बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हांकीत असतां, त्या राजानें वाटेवरच्या बेहड्याचीं पानें व फळें पाहतांच मोजून सांगितलीं. नळानें झाड पाडून गणती केली, ती बरोबर निघाली. तेव्हां त्यानें आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय घेतलें. तज्ज्ञाची विद्या पाहून ती पारखून मगच घेणें, हा ह्याहून जुना दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. त्या विद्येनें नळ पुष्कराशीं एकच डाव खेळला, राज्य परत मिळविलें, आणि हरलेल्या भावाचें त्याचें त्याला परत देऊन त्यास सन्मानानें घरीं पाठविलें. ही कथा सांगणाऱ्या बृहदश्वानें तीच विद्या युधिष्ठिरास दिली, पण ती सर्वस्व गेल्यानंतर वनांत. विद्या आली तेव्हां त्यानें पुन्हां राज्य पणास लाविलें नाहीं. विराटाच्या सभेंत कंक होऊन तो राजाचें मन रमवीत राहिला.

आतां पत्रलेखिकेच्या प्रश्नांकडे. वही बंबांत घालूं नये. सासूबाईंना तेवढें सांगावें. परंतु वहीच्या मागील पानांवर दुसरा एक हिशेब असला पाहिजे, गेल्या दोन वर्षांत खात्यांतून किती गेले व किती आले तो. तो नसेल तर बँकेच्या उताऱ्यांवरून दीरांनीं तो एका बैठकींत लिहून काढावा व प्रथम मामंजींस दाखवावा, वहिनींच्या मार्फत नव्हे, स्वतः. ज्यास १,२२५ हातांचा हिशेब ठेवतां येतो त्यास हा एक ठेवणें अवघड नाहीं. तोटा निघाला तर घर तो सोशील. आंकडा लपला तर मात्र सोयरिकीच्या बोलण्यांत तो अवेळीं बाहेर येईल, व मुलीकडच्यांनीं विचारण्यापूर्वींच तो आपण सांगितलेला बरा. मामंजींस आमची विनंती एवढीच कीं, लेकाचा डाव एकदां शिकून घ्यावा. दोघांसच खेळावयाचा असल्यामुळें तिसरा गडी गोळा करण्याची यातायात नाहीं, आणि दोघांत सध्यां बोलणें नसलें तरी ‘पाहिलें’ आणि ‘टाकलें’ एवढ्या दोन शब्दांवर हा खेळ उत्तम चालतो. पैशांऐवजीं चिंचोके घ्यावे, पण मोजून घ्यावे.