प्रसूती रजेचे वेतन : भार कोणाचा?

घरात नवे मूल येणे हा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो खर्चाचाही असतो. औषधपाणी, दवाखाना, बाळंतिणीचा आहार, बाळाचे कपडे आणि लसीकरण असे अनेक खर्च एकाच वेळी पुढे उभे राहतात. अशा काळात घरातील मिळवत्या स्त्रीचे वेतन थांबले, तर वर्षानुवर्षे काटकसरीने जमवलेली पुंजी काही महिन्यांत संपते. म्हणूनच प्रसूती रजेतील वेतन हा कौटुंबिक अर्थव्यवस्थेचा एक आधारस्तंभ मानला पाहिजे. हे वेतन द्यावे याविषयी आज दुमत नाही. ते कोणी द्यावे, याचा मात्र अद्याप पुरेसा विचार झालेला नाही.

लखनौ शहराच्या दक्षिणेस, कानपूरच्या रस्त्यावर, अमौसी विमानतळाजवळ सरोजिनी नगर हा भाग आहे. हे नाव उच्चारताच स्वतंत्र भारतातील पहिल्या महिला राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे स्मरण होते. त्यांचे निधनही १९४९ साली लखनौमध्येच झाले. १९७२ साली स्थापन झालेल्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कंपनीचा कारखाना याच परिसरात होता. ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. परिसरातील लहानमोठे उद्योग मात्र चालू आहेत आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालयही तेथे आहे. याच रस्त्याने पुढे गेल्यावर कानपूर लागते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी राज्य विमा योजनेचा आरंभ पंडित नेहरूंच्या हस्ते झाला, तो कानपूरमध्ये. दिल्लीतही ती त्याच वेळी सुरू झाली. कामगाराच्या आजारपणाचा आणि स्त्रीच्या प्रसूतीचा भार सर्वांनी मिळून उचलावा, ही कल्पना भारतात प्रत्यक्षात उतरली ती याच प्रदेशात.

एकाच कारखान्यातील दोघी

अशा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याची कल्पना करावी. तेथे दोन स्त्रिया शेजारी शेजारी काम करतात. एकीचे मासिक वेतन १८,००० रुपये, तर दुसरीचे २४,००० रुपये. दोघींनाही दिवस गेले आहेत. काम एका छपराखालचे असले, तरी रजेच्या काळातील वेतनासाठी त्यांना दोन वेगवेगळी दारे ठोठवावी लागतात.

राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. अपंग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० रुपये आहे. पहिली स्त्री या मर्यादेत बसते. जुलै २०१९ पासूनच्या दरांनुसार तिच्या वेतनातून पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरतो. लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरले गेले असेल, तर तिला २६ आठवड्यांपर्यंत सरासरी दैनिक वेतनाइतका लाभ महामंडळाकडून मिळतो. दिवसाला ६०० रुपये धरले, तर १८२ दिवसांचे १,०९,२०० रुपये होतात. हा पैसा मालकाच्या तिजोरीतून जात नाही.

दुसरी स्त्री मर्यादेबाहेर असल्याने तिला तेवढ्याच रजेचे वेतन स्वतः मालकाने द्यावयाचे असते. दहा वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना हा नियम लागू आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत स्त्रीने किमान ८० दिवस काम केलेले असावे, एवढीच प्रमुख अट. दिवसाला ८०० रुपये धरले, तर ही रक्कम १,४५,६०० रुपये होते आणि ती एकाच मालकाने भरावयाची असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या असून, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

दोघींचा हक्क सारखाच असला, तरी त्याचा हिशेब सारखा नाही. पहिलीसाठी मालक वर्षाला ७,०२० रुपये भरतो आणि त्याच वेतनाच्या पुरुषासाठीही तेवढेच भरतो. त्यामुळे स्त्रीला कामावर ठेवल्याने त्याचा खर्च वाढत नाही. दुसरीच्या बाबतीत मात्र सारा खर्च तिच्या नावावर मांडला जातो. वीसपंचवीस माणसांच्या कारखान्याचा मालक नोकरभरतीच्या वेळी हा हिशेब मनातल्या मनात करत असेल, तर त्याचे मोल मुलाखतीतून रिकाम्या हाताने परतणारी तरुणी चुकवते. तिला नकाराचे कारण कोणी सांगत नाही आणि न सांगितलेल्या कारणावर दाद मागता येत नाही.

जुना प्रश्न, जुने उत्तर

हा पेच नवा नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळीय इतिहासात त्याची चर्चा शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले होते, ते संमत झाले नाही. पुढे मुंबई इलाख्यात असे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लोककल्याण हे मूलतः सरकारचे कर्तव्य असल्याने या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, हेही त्यांनी मान्य केले. तथापि सरकार तो उचलत नसेल, तर स्त्रीच्या श्रमातून लाभ मिळवणाऱ्या मालकाची त्यातून सुटका होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. या विषयावरील तो देशातील पहिला कायदा होय. संयुक्त प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाचा कायदा त्यानंतर १९३८ साली आला.

हे प्रांतिक कायदे मालकाच्या वैयक्तिक जबाबदारीवर उभे होते. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. प्रसूती लाभ मालकाच्या खिशातून काढून सामायिक निधीवर सोपवण्याची वाट अशा रीतीने सापडली होती. खेदाची गोष्ट अशी की, ती वाट वेतनमर्यादेच्या खांबापाशी येऊन थांबली आहे.

जगाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारानुसार, हा लाभ साधारणतः सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून दिला जावा. एकट्या मालकावर त्याचा थेट भार पडू नये, हा त्यामागील हेतू आहे. अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेल्या अमेरिकेत सवेतन प्रसूती रजेचा देशव्यापी कायदा आजही नाही. १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, परंतु तीही बिनपगारी. कॅलिफोर्निया राज्यात मात्र १९४६ पासून अपंगत्व विमा योजना असून, प्रसूतीचा काळ तात्पुरते अपंगत्व मानून त्यातून आईला अंशतः वेतन मिळते. २००४ पासून बाळाच्या संगोपनासाठीही वेगळा लाभ मिळू लागला. आईपणाला ‘अपंगत्व’ म्हणणे मराठी मनाला रुचणार नाही. परंतु निधी सर्वांचा असल्याने तेथे एखाद्या मालकाला स्त्री कर्मचारी महाग पडत नाही, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

हक्क कागदावरून खात्यात यावा

धोरण बदलण्यास वेळ लागेल. तोपर्यंत आहे तो हक्क पदरात पडावा, यासाठी काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे. वेतनवाढीमुळे एखादी स्त्री २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडते, तेव्हा ती लगेच विम्याबाहेर जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन अंशदान कालावधी असतात. चालू कालावधी संपेपर्यंत तिचे संरक्षण कायम राहते. विम्याचा हक्क संपल्यावर जबाबदारी मालकाकडे येते. विमा महामंडळ मालकाकडे बोट दाखवते आणि मालक महामंडळाकडे, अशा टोलवाटोलवीत स्त्रीने आपला दावा सोडून देऊ नये. वेतनपत्रक, अंशदानाचा तपशील आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जपून ठेवल्यास दोहोंपैकी कोण देणे लागतो, हे सिद्ध करता येते.

कंत्राटदाराकडील कामगार स्त्रियांनीही आपण योजनेबाहेर आहोत असे गृहीत धरू नये. त्यांचे विमा अंशदान भरले जाईल हे पाहण्याची जबाबदारी मूळ मालकावर असते. रोजंदारीवरील स्त्रियाही मातृत्व लाभास पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात २००० साली स्पष्ट केले. कराराची मुदत संपली म्हणून लाभ मध्येच तोडता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

जेथे मालक लाभ देतो, तेथे प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळावयास हवी आणि उर्वरित रक्कम बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत मिळावयास हवी. रजेचे २६ आठवडे पहिल्या दोन अपत्यांसाठी आहेत. दोन अपत्ये हयात असल्यास रजा १२ आठवड्यांची होते. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. विमाधारक पुरुषाच्या पत्नीला मात्र राज्य विम्यातून वैद्यकीय सेवा मिळते, रजेचे वेतन नव्हे. हा गैरसमज अनेक घरांत आढळतो.

नोकरी नसलेल्या वा असंघटित क्षेत्रातील मातांसाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पात्र कुटुंबातील पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. २६ आठवड्यांच्या वेतनाशी तुलना करता ही रक्कम तुटपुंजी आहे, यात शंका नाही.

येथे बँकेचाही संबंध येतो. लाभ राज्य विम्याचा असो वा सरकारी योजनेचा, तो अखेर बँक खात्यातच जमा होतो. माहेरचे नाव आधारपत्रावर, सासरचे नाव खात्यावर, खाते बऱ्याच दिवसांत व्यवहार न झाल्याने निष्क्रिय, अशा किरकोळ भासणाऱ्या त्रुटींमुळे बाळंतिणीचे पैसे अडून राहतात. आठव्या महिन्यात शाखेत खेटे घालण्यापेक्षा दिवस गेल्याचे कळताच स्वतःच्या नावावरील खाते, आधार जोडणी आणि वारस नोंद तपासून घेणे केव्हाही श्रेयस्कर. काउंटरपलीकडील कर्मचाऱ्यांनी अशा ग्राहकाला प्राधान्य दिले, तर ती मोठी सेवा ठरेल. सार्वजनिक बँकांतील स्त्री कर्मचाऱ्यांना प्रत्येक वेळी सहा महिन्यांपर्यंतची प्रसूती रजा मिळते. त्या रजेचे मोल त्यांना पुरते ठाऊक असल्याने ग्राहक भगिनीची निकड त्यांना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

पुढचे पाऊल

स्त्रीला मिळणारी रजा कमी करावी, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. २०१७ मध्ये ती बारावरून सव्वीस आठवडे झाली, हे योग्यच झाले. रजा वाढवताना खर्चाची वाटणी मात्र पूर्वीचीच ठेवली गेली, हे त्या सुधारणेतील वैगुण्य होय. सरकारलाही त्याची जाणीव झाली असावी. ठरावीक वेतनापर्यंतच्या स्त्रियांसाठी सात आठवड्यांच्या वेतनाची मालकांना भरपाई करण्याची योजना विचाराधीन असल्याचे श्रम मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले होते. हा विचार कृतीत उतरणे अगत्याचे आहे.

त्याहूनही सरळ मार्ग म्हणजे प्रसूती लाभापुरती राज्य विम्याची वेतनमर्यादा काढून टाकणे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या, मग तो पुरुष असो वा स्त्री, वेतनावर अल्पसे अंशदान घ्यावे आणि सर्व मातांना एकाच निधीतून लाभ द्यावा. मोठ्या वेतनासाठी लाभाची कमाल रक्कम ठरवता येईल आणि वरची तफावत मालकाने भरावी. यामुळे अंशदानाचा थोडा बोजा सर्वांवर पडेल, हे खरे. परंतु आग लागण्याची वाट न पाहता सारा गाव मिळून विहीर खोदतो, तेव्हा कोणा एका घराला ती जड जात नाही.

आजचे बाळ उद्याचा कामगार, ग्राहक आणि करदाता आहे. त्याच्या आगमनाचा लाभ साऱ्या समाजाला होणार असेल, तर त्याच्या आईच्या सहा महिन्यांच्या वेतनाचा भार एकट्या मालकाच्या वहीत मांडणे न्याय्य नाही. तसेच, त्या भाराच्या धास्तीने तिची नोकरी जाणेही न्याय्य नाही. कानपूरमध्ये १९५२ साली आरंभलेले काम पूर्ण करण्याची वेळ आता आली आहे.